शुगाबेब्ज : एक पाटी, सहा मुली आणि सतत विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वाड्यावरची पाटी तीच राहावी आणि आतली बिऱ्हाडं एकेक करून बदलत जावीत, तसं लंडनच्या या पॉप बँडचं झालं. त्यामुळे शुगाबेब्जचा विषय निघाला की गाण्यांपेक्षा ‘कोण कधी होतं’ आणि ‘कुणाला कुणी काढलं’ याचीच चर्चा जास्त होते. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मत मागितलेलं नाही तिथेही मी ते दिलं आहे, तेवढं चालवून घ्या.

आत्ता बँडमध्ये कोण आहे?

कीशा ब्युकॅनन, मुटिया ब्वेना आणि शिवॉन डॉनही. १९९८ साली सुरुवात केलेल्याच तिघी.

मग सहा मुली कशा?

एका वेळी नेहमी तिघीच. पण २००१ मध्ये शिवॉन गेली आणि हायडी रेंज आली. २००५ च्या डिसेंबरात मुटिया गेली, तिच्या जागी अमेल बेराबा. सप्टेंबर २००९ मध्ये कीशा गेली, तिच्या जागी जेड युवेन. त्या दिवसापासून बँड शुगाबेब्जच, पण सुरुवात करणारी एकही मुलगी त्यात नाही, अशी अवस्था झाली. दोनेक वर्षांत तो बँडही थंडावला. पुढे मूळच्या तिघी एकत्र आल्या, आधी वेगळ्या नावानं आणि २०१९ पासून पुन्हा जुन्या नावानं.

नावांचे उच्चार नक्की काय आहेत?

शिवॉन हे आयरिश नाव. स्पेलिंग बघून ‘सिओभान’ म्हणत असाल तर लाजू नका, मी कित्येक वर्षं तेच म्हणत होते. मुटिया हे फिलिपिनो नाव, अर्थ मोती किंवा रत्न. तिचे वडील मूळचे फिलिपिन्सचे, आई आयरिश वंशाची. कीशाचं घराणं जमैकाचं, अमेलचं मोरोक्कोचं. हायडी लिव्हरपूलची. त्या काळच्या ब्रिटिश पॉपमध्ये इतक्या वेगवेगळ्या घरांमधल्या मुली एका पोस्टरवर सहसा दिसत नसत.

सुरुवात कशी झाली?

शिवॉन आणि मुटिया या दोघींना रॉन टॉम नावाच्या मॅनेजरनं एकेकटी गायिका म्हणून हेरलं होतं. ‘ऑल सेंट्स’ हा बँडही त्याच्याच हाताखालचा. दोघींना जोडीनं गायला लावायचं ठरलं, आणि मुटियाची शाळेतली मैत्रीण कीशा एकदा नुसती बघायला म्हणून स्टुडिओत आली. ती राहिलीच. तेव्हा तिघी तेरा-चौदा वर्षांच्या. बँडचं पहिलं नाव ‘शुगाबेबीज’ होतं; लंडन रेकॉर्ड्सशी करार झाल्यावर ते फार बाळबोध वाटलं आणि ‘शुगाबेब्ज’ झालं.

वर्षही लक्षात घ्या. १९९८ च्या मे महिन्यात जेरी हॅलिवेल स्पाइस गर्ल्स सोडून गेली. ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्या पुढच्या मुलींच्या बँडच्या शोधात होत्या. त्यांना हसऱ्या, उड्या मारणाऱ्या, टोपणनावांच्या मुली हव्या होत्या, आणि या तिघी तर कॅमेऱ्यासमोर तोंड पाडून उभ्या राहायच्या.

‘ओव्हरलोड’चं एवढं कौतुक का?

सप्टेंबर २००० मध्ये आलेलं हे पहिलं गाणं. ब्रिटनच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ब्रिट या तिथल्या संगीत पुरस्कारांत त्याला नामांकनही मिळालं. पण क्रमांक बाजूला ठेवा. हेडफोन लावून ऐका: सुरुवातीला जवळजवळ नुसता बेस आणि ताल, त्यावर तीन मुलींचे अगदी शांत, सपाट आवाज. कुणी ताना घेत नाही, कुणी ओरडत नाही. मधेच साठच्या दशकातल्यासारखं गिटार खणखणतं आणि निघून जातं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या गाण्यात इतकी रिकामी जागा सोडायला निर्माता धीराचा लागतो. तो होता कॅमेरॉन मॅक्वे. गीतकारांच्या यादीत तिघींचीही नावं आहेत.

त्याच यादीत फेलिक्स हॉवर्ड हेही नाव आहे. मॅडोनाच्या ‘ओपन युअर हार्ट’च्या व्हिडिओत दिसणारा लहान मुलगा तो हाच. याचा शुगाबेब्जशी तसा काही संबंध नाही, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

‘वन टच’ हा पहिला अल्बम मात्र २६ व्या क्रमांकाच्या पुढे सरकला नाही. समीक्षक खूश, दुकानदार नाराज.

शिवॉन जपानमध्ये बाथरूमला जाते म्हणून गेली आणि परतलीच नाही, हे खरं का?

गोष्ट अशीच सांगितली जाते. २००१ च्या उन्हाळ्यात बँड प्रसिद्धीसाठी जपानला गेला होता आणि तिथूनच ती बाहेर पडली, एवढं पक्कं. खिडकीतून उडी मारली वगैरे मसाला नंतर चढला. हसून सांगितला जाणारा हा किस्सा खरं तर हसण्यासारखा नाही. ती सतरा वर्षांची होती, बँडमध्ये धुसफूस होती, आणि नंतर तिला नैराश्याचं निदान झाल्याचं तिनंच सांगितलं आहे. कामाचे तास, विमानं, मुलाखती आणि सोबतीला आपल्याच वयाच्या, आपल्याइतक्याच गोंधळलेल्या दोन मुली. मोठं माणूस कुठे होतं, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही.

पुढे शिवॉननं स्वतःचे दोन अल्बम काढले, २००३ आणि २००७ मध्ये. दुसरा, ‘घोस्ट्स’, मिळाला तर जरूर ऐका.

हायडी कुठून आली?

‘अ‍ॅटॉमिक किटन’मधून. त्या बँडच्या मूळ तिघींपैकी ती एक, पण त्यांचं पहिलं गाणं बाजारात येण्याआधीच ती बाहेर पडली होती. शुगाबेब्जमध्ये आली तेव्हा लंडन रेकॉर्ड्सनं बँडला नारळ दिलेला होता. म्हणजे हायडी आली ती करार नसलेल्या, एक मुलगी गमावलेल्या, पडता काळ असलेल्या बँडमध्ये. हे विसरलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

‘फ्रीक लाइक मी’ हे चोरीचं गाणं आहे का?

चोरीतून जन्मलेलं म्हणा हवं तर, पण शेवटी रीतसर परवानगी घेऊन बाजारात आलेलं. हा प्रकार नीट सांगण्यासारखा आहे.

२००० च्या आसपास ब्रिटनमध्ये ‘बूटलेग’ किंवा ‘मॅशअप’चं वेड होतं. एका गाण्याचा आवाज उचलायचा, दुसऱ्या गाण्याच्या वाद्यांवर बसवायचा आणि गुपचूप थोड्या तबकड्या छापून डीजेंना वाटायच्या. रिचर्ड एक्स नावाच्या माणसानं अमेरिकन गायिका अडीना हॉवर्डचं १९९५ चं ‘फ्रीक लाइक मी’ उचललं आणि ते गॅरी न्यूमनच्या ट्यूबवे आर्मी या बँडच्या १९७९ मधल्या गाण्याच्या थंड, यंत्रासारख्या सिंथेसायझरवर चढवलं. एक गाणं अंगात आलेलं, दुसरं भावनाशून्य. दोघांचं लग्न लागायला नको होतं, पण लागलं आणि टिकलं.

क्लबांमध्ये ते गाजलं, पण अडीना हॉवर्डचा मूळ आवाज वापरून विकता येणार नव्हतं. मग कुणाकडून तरी नव्यानं गाऊन घ्यायचं ठरलं आणि काम आलं शुगाबेब्जकडे, जिथे नवी कंपनी आयलंड रेकॉर्ड्स पहिलं गाणं शोधतच होती. एप्रिल २००२ मध्ये आलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर. चार महिन्यांनी ‘राउंड राउंड’, तेही पहिल्या क्रमांकावर. वर्षभरापूर्वी ज्यांना कंपनीनं सोडलं होतं, त्या मुलींचा ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ हा अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि २००३ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट ब्रिटिश डान्स अ‍ॅक्टचा ब्रिट पुरस्कार मिळाला.

माझ्या मते मुलींच्या ब्रिटिश बँडना समीक्षक गंभीरपणे घ्यायला लागले ते इथून. पॉप म्हणजे कारखान्यात बनलेला माल, ही तक्रार होतीच. रिचर्ड एक्सनं कारखान्याचा आवाजच पुढे आणून ठेवला.

‘राउंड राउंड’ कुणी बनवलं?

झेनोमेनिया या चमूनं, म्हणजे ब्रायन हिगिन्स, मिरांडा कूपर आणि मंडळींनी. ‘होल इन द हेड’मध्येही तेच होते. गर्ल्स अलाउड या त्याच काळातल्या मुलींच्या दुसऱ्या ब्रिटिश बँडची बहुतेक सगळी गाजलेली गाणी याच घरातली. एका गाण्यात तीन गाण्यांचे तुकडे जोडून ठेवायचे आणि सांधा दिसू द्यायचा नाही, ही त्यांची खासियत. ‘राउंड राउंड’ जोरात चाललेलं असताना मधेच सगळं थांबून आवाज जवळजवळ अंगाईसारखा होतो आणि परत धडधड सुरू होते, ती जागा ऐका.

सहा नंबर वन गाणी कोणती?

‘फ्रीक लाइक मी’ आणि ‘राउंड राउंड’ (२००२), ‘होल इन द हेड’ (२००३), ‘पुश द बटन’ (२००५), ‘वॉक धिस वे’ (२००७, गर्ल्स अलाउडसोबत, कॉमिक रिलीफ या मदतनिधीसाठी) आणि ‘अबाउट यू नाऊ’ (२००७).

आता या सहा गाण्यांवर कुणाकुणाचा आवाज आहे ते मोजा. सहाही गाण्यांत असलेल्या दोघीच: कीशा आणि हायडी. मुटिया चारात. अमेल दोनात. शिवॉन आणि जेड एकातही नाही. ‘मूळ त्या खऱ्या’ असं म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब दाखवते. काहींचा चेहरा उतरतो.

‘पुश द बटन’ कुणावर आहे?

बँडनं सांगितलेली हकीकत अशी, की कीशाला एक गायक आवडायचा, ती आडून आडून सुचवत राहिली आणि त्याच्या काही लक्षातच येईना. त्या वैतागातून गाणं झालं. निर्माता डॅलस ऑस्टिन. तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि ‘टॉलर इन मोअर वेज’ हा त्यांचा पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला अल्बम. मी हे गाणं पहिल्यांदा कॉलेजात असताना केबलवर बघितलं. व्हिडिओतल्या लिफ्टमध्ये काय चाललंय ते आजीला कळायच्या आत चॅनल बदलला होता, म्हणून शेवट बघायला पुढे बरेच दिवस लागले.

मुटिया का गेली?

मार्च २००५ मध्ये तिला मुलगी झाली. बाळ काही महिन्यांचं असताना अल्बमची प्रसिद्धी सुरू झाली. डिसेंबरात तिनं बँड सोडला, तेव्हा वय वीस. अल्बम जेमतेम अडीच महिन्यांचा होता. मग जी गोष्ट झाली ती आजही थोडी खटकते: अमेलला घेऊन काही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि तोच अल्बम नव्या चेहऱ्यासह पुन्हा दुकानात आणला. ‘रेड ड्रेस’ चौथ्या क्रमांकावर गेलं. धंद्याच्या दृष्टीनं काम चोख. पण जुन्या प्रतीत मुटियाचा आवाज, नव्या प्रतीत अमेलचा, आणि अल्बमचं नाव तेच.

मुटियाचा आवाज हा या बँडचा सगळ्यात ओळखू येणारा आवाज होता. खर्जातला, किंचित आळसावलेला, बाकी दोघी गात असताना खालून सतरंजी अंथरावी तसा. ती गेल्यावर गाणी चांगली आली, पण ती सतरंजी गेली.

अमेल आल्यावर बँड उतरणीला लागला ना?

नाही. आकडे उलटं सांगतात. २००७ च्या ‘अबाउट यू नाऊ’नं ३५ व्या क्रमांकावरून एका आठवड्यात पहिल्या क्रमांकावर उडी मारली. तेव्हा तो विक्रम होता. त्याचं कारण तांत्रिक आहे: त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून ब्रिटनच्या यादीत सीडी दुकानात नसली तरी डाउनलोड धरले जाऊ लागले होते. सीडी पोचायच्या आधी लोकांनी गाणं विकत घेऊन टाकलं. चार आठवडे ते हललं नाही. ‘चेंज’ हा अल्बमही पहिल्या क्रमांकावर.

उतरण लागली ती २००८ च्या ‘कॅटफाइट्स अँड स्पॉटलाइट्स’पासून. आठव्या क्रमांकावर येऊन अल्बम विझला.

गर्ल्स अलाउडशी वैर होतं का?

वर्तमानपत्रांना हवं होतं. दोन्ही बँडनी तर ‘वॉक धिस वे’ एकत्र केलं. गाणं मात्र दोन्ही बँडच्या लायकीचं नव्हतं.

कीशाला काढलं की ती गेली?

काढलं. जाणं आपल्या मर्जीनं नव्हतं, हे तिनं त्याच दिवसांत जाहीरपणे सांगितलं.

सप्टेंबर २००९ चा तो आठवडा असा होता. ‘गेट सेक्सी’ दुसऱ्या क्रमांकावर जाऊन फार दिवस झाले नव्हते. पुढचा अल्बम अमेरिकन निर्मात्यांसोबत तयार होत होता. मग कीशा बाहेर असल्याची घोषणा झाली आणि तिच्या जागी जेड युवेन आली. त्याच वर्षी मॉस्कोतल्या युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेत तिनं ब्रिटनला पाचवा क्रमांक मिळवून दिला होता. जेड आली आणि लगेच ‘अबाउट अ गर्ल’च्या व्हिडिओत उभी राहिली. कीशाची गायलेली ओळ पुसून तिथे जेडची ओळ.

इतकी वर्षं वर्तमानपत्रांनी कीशाचं एकच चित्र रंगवलं होतं: भांडकुदळ, दादागिरी करणारी, बाकीच्यांना पळवून लावणारी. शिवॉन गेली, बोट कीशाकडे. मुटिया गेली, बोट कीशाकडे. २०२० मध्ये तिनं एका व्हिडिओत यावर मोकळेपणानं सांगितलं, की कृष्णवर्णीय मुलगी ठाम बोलली की तिला रागीट ठरवणं किती सोपं असतं, आणि हा शिक्का तिच्यावर शाळकरी वयापासून बसला होता. जुन्या मुलाखती काढून बघा. तिघीही सारख्याच रुसलेल्या दिसतात. नाव मात्र एकीचंच खराब झालं. आणि गंमत बघा, आज त्याच दोघी तिच्या शेजारी उभ्या राहून गातात.

मग हायडी-अमेल-जेड यांचा बँड कधी संपला?

तसा निरोप समारंभ झालाच नाही. ‘स्वीट ७’ मार्च २०१० मध्ये आला, चौदाव्या क्रमांकापुढे गेला नाही. २०११ मध्ये ‘फ्रीडम’ हे गाणं फुकट वाटलं. मग शांतता. २०१३ मध्ये जेडनं सांगून टाकलं की आम्ही कधीच वेगळ्या झालो.

‘एमकेएस’ हा कुठला बँड?

तोच. मुटिया, कीशा, शिवॉन यांची आद्याक्षरं. २०१२ मध्ये तिघी एकत्र आल्या, पण शुगाबेब्ज हे नाव त्यांच्याकडे नव्हतं. स्वतः घातलेल्या नावानं गाता येईना! २०१३ मधलं ‘फ्लॅटलाइन’ हे त्यांचं गाणं डेव्ह हाइन्ससोबत लिहिलेलं, समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि यादीत पहिल्या चाळीसातही आलं नाही. अल्बम कंपनीच्या कपाटात राहिला, गाणी इंटरनेटवर गळत राहिली. शेवटी २०२२ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी तिघींनी तो ‘द लॉस्ट टेप्स’ म्हणून स्वतःच काढला.

तोट्याचं कारण माझ्या मते सरळ होतं. रेडिओवर ‘एमकेएस’ ऐकून कुणाच्या डोक्यात दिवा पेटणार? पाटी लागतेच.

नाव परत कसं मिळालं? आणि ते भेटवस्तूंच्या कागदाचं काय प्रकरण?

बँडचं नाव ही ब्रिटनमध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येणारी मालमत्ता आहे. कोण गातं यापेक्षा नोंदणी आणि करार कुणाच्या नावावर आहे, हे महत्त्वाचं. म्हणूनच तर एकेक मुलगी बदलूनही बँड चालू राहू शकला.

यात मुटियानं एक चाल खेळली होती. कीशा बाहेर गेल्यानंतर तिनं युरोपच्या ट्रेडमार्क कार्यालयात शुगाबेब्ज या नावासाठी अर्ज केला, पण संगीतासाठी नाही. कागद, पुठ्ठा, पत्रव्यवहाराचं साहित्य आणि भेटवस्तू गुंडाळायचा कागद यांसाठी. लोक हसले. मला ती चाल फार आवडते: पुढचं दार बंद असेल तर स्वयंपाकघराच्या दारानं का होईना, घरात पाय ठेवायचा.

संगीतासाठीचं नाव तिघींना परत मिळालं ते २०१९ मध्ये. त्यानंतर पुनरागमन हळूहळू वाढत गेलं. २०२२ मध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवात छोट्या मंचावर त्यांना जागा दिली होती, इतकी गर्दी झाली की मैदानाकडे येणारे लोक थांबवावे लागले. २०२३ मध्ये लंडनच्या ओटू अरीनात कार्यक्रम. २०२४ मध्ये मोबो या कृष्णवर्णीय संगीतासाठीच्या ब्रिटिश पुरस्कारांत खास सन्मान, आणि त्याच वर्षी ग्लॅस्टनबरीत मोठा मंच मिळूनही पुन्हा तीच गर्दी. २०२५ मध्ये ‘जंगल’ हे नवं गाणं आणि ब्रिटन-आयर्लंडचा दौरा.

आता कार्यक्रमात हायडी आणि अमेलच्या ओळी कोण गातं?

हायडीच्या ओळी मुख्यतः शिवॉन गाते. ‘अबाउट यू नाऊ’ तर मुटियाही गाते, जे ती बँडबाहेर असताना आलं. पूर्वी यांच्या ओळी दुसऱ्यांनी गायल्या, आता दुसऱ्यांच्या ओळी या गातात. प्रेक्षकांना फरक पडत नाही, ते आपापल्या ओळी ओरडत असतात. पण हायडीबद्दल मला वाईट वाटतं. २००१ पासून शेवटपर्यंत ती एकटी एकदाही बाहेर पडली नाही, कुठल्या भांडणात तिचं नाव ठळक झालं नाही, सगळे नंबर वन तिच्या खात्यावर आहेत, आणि आता ‘बदली खेळाडू’ म्हणून तिची आठवण निघते.

बाकीच्यांनी पुढे काय केलं?

अमेलनं बँडमध्ये असतानाच रॅपर टिंची स्ट्रायडरसोबत ‘नेव्हर लीव्ह यू’ गाऊन २००९ मध्ये पहिला क्रमांक मिळवला. जेड २०१६ मध्ये लंडनच्या ‘अलादीन’ या संगीत नाटकात राजकन्या जॅस्मिन झाली. मुटियाचं ‘रिअल गर्ल’ २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि ग्रूव्ह आर्माडासोबतचं ‘साँग फॉर मुटिया’ हे तिच्या एकटीच्या कामातलं माझं सगळ्यात आवडतं.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

‘ओव्हरलोड’, मग ‘फ्रीक लाइक मी’, मग ‘स्ट्राँगर’. चौथं ‘टू लॉस्ट इन यू’, जे ‘लव्ह अ‍ॅक्च्युअली’ या चित्रपटामुळे पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण कुणाचं ते माहीत नसतं. ‘अग्ली’ त्यानंतर. ‘अबाउट यू नाऊ’ सगळ्यात शेवटी, कारण ते आधी लावलं की बाकीची ऐकायची राहून जातात. गाणी शोधताना कुठल्या साली आलेली प्रत आहे तेवढं बघून घ्या. ‘रेड ड्रेस’वर मुटियाचा आवाज हवा असेल तर २००५ ची, अमेलचा हवा असेल तर २००६ ची.